परातीतला कण

माझ्या मेजावर एक इवलीशी काचेची कुपी आहे. तिच्या तळाशी सोन्याचा एक कण आहे. मोहरीहूनही लहान, पण खरा.

मेलबर्नला राहणाऱ्या ताईने आग्रहाने बॅलरटला नेले होते. १८५१ साली तेथे सोने सापडले आणि देशोदेशीची माणसे त्या मातीवर तुटून पडली. तो काळ 'सॉव्हरिन हिल' या संग्रहालयाने १९७० पासून जणू चालताबोलता ठेवला आहे. काचेच्या कपाटांऐवजी तेथे अख्खे गाव आहे : लोहार, घोडागाड्या, तंबू, जुन्या वेषातील स्त्रीपुरुष. ओढ्याकाठी परात घेऊन वाळू-पाणी गोल फिरवावे. हलकी वाळू वाहून जाते, जड सोने तळाशी राहते. सापडेल ते आपले. (वाळूत सोने संग्रहालयवालेच मिसळतात, हे कळताच भाचा हिरमुसला; मी मात्र परात सोडली नाही !) त्या काळी सोने सापडो वा न सापडो, परवान्याचे पैसे भरावेच लागत, आरंभी ते महिन्याला तीस शिलिंग होते. त्या जाचातूनच १८५४ चे युरेकाचे बंड पेटले.

आमचे घर दिल्लीच्या हिंदूराव भागात. कागलच्या घाटग्यांपैकी, बायजाबाई शिंद्यांचे बंधू हिंदूराव यांचा वाडा येथल्या टेकडीवर होता. आता रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. १८५७ मध्ये याच वाड्याच्या आश्रयाने इंग्रज फौज तीन महिने टेकडीवर ठाण मांडून होती. सप्टेंबरात शहर पडले, रहिवासी हाकलले गेले आणि येथेही सोन्यासाठी खोदकाम सुरू झाले. लूट गोळा करण्यासाठी नेमलेले अधिकारी, 'प्राइझ एजंट', घराघरांतून भिंती फोडीत, जमिनी उकरीत हिंडले.

कवी गालिब यांची पत्नी उमराव बेगम हिने पतीलाही न सांगता आपले दागिने काळे साहेबांच्या घरी पाठविले होते. तेथे ते तळघरात ठेवून दार मातीने लिंपून टाकले होते. शहर लुटीला मोकळे झाले, तेव्हा तिने पतीला सांगितले. तोवर उपाय उरला नव्हता. शिपायांनी ते खणून नेले. गालिबांनीच हे 'दस्तंबू'त लिहून ठेवले आहे.

भाचा विचारतो, "दिल्लीत असे संग्रहालय आहे का?" टेकडीवर १८६३ चा मनोरा आहे, तो शहर जिंकणाऱ्या फौजेचा. इंग्रजांशी लढलेल्यांसाठी त्यावर पाटी बसली ती १९७२ साली. त्या तळघराविषयी त्याला काय लिहावे, याच विचारात मी आहे.