ऊब आणि हवा

भिलाईच्या थंडीचा गवगवा कोणी करीत नाही. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या या गावात वर्षाचे दहा महिने उबेचा विचारही मनात येत नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि घरोघरी प्रश्न पडतो : शेगडी पेटवावी, विजेचा हीटर आणावा की रेडिएटर?

रेडिएटर हा शब्द मूळचा थंड देशांचा. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलाद कारखाना उभारला गेला. जे रशियन अभियंते त्यासाठी आले, त्यांच्या शहरांत नळांतून गरम पाणी खेळवून घरे उबदार ठेवीत. दीड-दोन महिन्यांच्या थंडीसाठी असे नळ भिलाईत कोण घालील? आपल्या बाजारातील रेडिएटर निराळा. त्याच्या पोकळ पात्यांत तेल असते आणि वीज ते तापवते. तो वीज कमी खातो, असे सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. हजार वॅटचे उपकरण अखंड चालले तर तासाला एक युनिट जळतेच, मग आत तेल असो वा उघडी तार. खोली पुरेशी तापल्यावर रेडिएटर आपोआप बंद होतो, तेवढीच बचत. त्याचा खरा गुण असा, की लालभडक तार उघडी नसल्यामुळे पांघरुणाने पेट घेण्याची भीती कमी असते.

मात्र माझ्या मते, किमतीआधी हवेचा विचार केला पाहिजे. छत्तीसगडी घरांत गोरसी असते, आपल्याकडे शेगडी. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची रीत दोन्हीकडे आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी ती पाळली व त्या सुखरूप राहिल्या, असे कोणी म्हणेल. ते खोटे नाही; पण त्यांची घरे कौलारू होती, कौलांच्या फटींतून वारा खेळत असे. आपण घर बदलले, स्लॅब घातला, खिडक्यांना काचा लावल्या, आणि शेगडी तीच ठेवली.

बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, आणि झोपलेल्या माणसाला तेवढेही कळत नाही. भिलाईला हा वायू अपरिचित नाही. जून २०१४ मध्ये कारखान्यात झोतभट्टीच्या वायूची गळती होऊन सहा जणांचे प्राण गेले. तोही हाच वायू. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक, हा समज फार महागात पडतो.

ज्यांना रेडिएटर परवडत नाही, त्यांनी काय करावे? शेगडी अंगणात पेटवावी, सगळ्यांनी भोवती बसून शेकावे; ते सुख कोणत्याही यंत्रात नाही. निजताना मात्र ती बाहेरच राहू द्यावी. खोलीत गोधडी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी भिलाईच्या थंडीला बहुधा पुरते. घरात तान्हे मूल वा वृद्ध असतील, तर त्या एका खोलीपुरता रेडिएटर घेणे मला उधळपट्टी वाटत नाही. तो टीव्हीच्या लहान सॉकेटात मात्र लावू नये. त्यासाठी १६ अँपिअरचा पॉइंट आणि तशीच जाड वायर लागते. वायरमनला बोलावून ते आधीच पाहून घ्यावे.