डांबरावरची शेती

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधलं रेड हुक म्हणजे बंदराकाठची कष्टकरी वस्ती. गोदीतली कामं आटली, तशी वस्तीलाही उतरती कळा लागली. 2003 मध्ये तिथल्या पोरापोरींनी ‘ॲडेड व्हॅल्यू’ संस्थेच्या साथीनं पावणेतीन एकरांच्या ओस मैदानावर शेती मांडली. डांबर तसंच ठेवलं. त्यावरच कंपोस्ट पसरून वाफे धरले. भाजी पिकवणारी ही मुलंच आठवडी बाजारात ती विकायची, आणि कामाचे पैसे त्यांच्या हातात पडायचे. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळाचं खारं पाणी शेतात शिरलं. शेत पुन्हा उभं राहिलं.

मुंबईतही पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खतावर भाजी पिकली आहे. वाचकहो, येत्या पावसाळ्यात सोसायटीतल्या मुलांच्या हाती गच्चीची किल्ली द्या.