छाट विडी आणि हक्काची संध्याकाळ

काम निर्दोष व्हावे या ध्यासापायी माणसाचे मन घरी परतल्यावरही कामातच गुंतून राहते. म्हणून मनाला वळण लावावे आणि उंबरठ्यावर कामाचा विचार सोडून द्यावा, असा उपदेश अलीकडे सर्वत्र ऐकू येतो. कचेरीतून परतणाऱ्या मध्यमवर्गीयाला तो थोडाफार उपयोगी पडतही असेल. परंतु जिचे घर हीच कामाची जागा आहे, त्या कामगार स्त्रीने काम नेमके कोठे सोडून यावे?

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रियांची हीच स्थिती आहे. तेंदूची पाने रात्री भिजत घालायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीने कापायची, मग सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या. मजुरी हजारी दराने मिळते. पण वळलेल्या हजार विड्यांची मजुरी हाती पडेलच असे नाही. मधे तपासनीस बसलेला असतो. जाडी कमी, तोंड नीट बंद नाही, पान फाटके, असे म्हणून तो विडी छाट ठरवतो. छाट विडीची मजुरी बुडते, आणि पुष्कळदा विडीही परत मिळत नाही, ही कामगार संघटनांची फार जुनी तक्रार आहे.

अशा व्यवस्थेत नेटकेपणाचा ध्यास हा स्वभावदोष उरत नाही. तो उद्याच्या मजुरीचा विमा होतो. सोलापुरी चादर विणणाऱ्यालाही नक्षी बिनचूक यावी असे वाटते. पण चादर मागावरून उतरली की ती पुरी झाली, हे त्याच्या डोळ्यांना कळते. विडी वळणारीला आपले काम पुरे झाले की नाही हे ठरविण्याचा अधिकारच नाही. निकष दुसऱ्याच्या हाती, आणि त्याच्या मर्जीप्रमाणे तो सैल वा कडक होणार! मग रात्री जेवणे उरकल्यावर बांधलेला कट्टा पुन्हा सोडून पाहिला जातो. तपासनीस घरात येत नाही. त्याची नजर मात्र आधीच येऊन बसलेली असते.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांच्या वादाचा स्वतंत्र उल्लेख होता, आणि मालकांनी आव्हान दिल्यानंतर 1974 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. मात्र त्यातील रोजचे नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा होती ती कारखान्याच्या जागेपुरती. सुट्टी कारखान्याला होती, सुपाला नव्हती. आता त्या कायद्याची जागा 2025 च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. नियम घडविताना छाटीची कमाल मर्यादा, नकाराचे लेखी कारण आणि छाट विडी परत मिळण्याचा हक्क या तीन गोष्टींचा आग्रह धरणे हे संघटनांचे पहिले काम होय. ज्या दिवशी नुकसानीला मर्यादा पडेल, त्या दिवशी धास्तीलाही पडेल.

या शहराला विसाव्याची सीमारेषा अपरिचित नाही. 1877 साली निघालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा राबवून घेई, तसा मोकळेही करी. पाळी संपली की तालीम, भजन, सभा यांना वेळ असे. तो वेळ मालकांनी दान दिलेला नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी 1890 साली रविवारची सुट्टी मिळविली ती झगडूनच. घराघरांत विखुरलेल्या स्त्रियांसाठी मात्र भोंगा कधी वाजलाच नाही.

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी दीर्घ लढा देऊन कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळविली. 2006 साली ती त्यांच्या हाती आली. हे यश असामान्य आहे. पण हक्काच्या त्या घरातही सूप आलेच. मजुरी, निर्वाहनिधी, घर यांसाठी मोर्चे निघाले. संध्याकाळसाठी एकही नाही. विसावा ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे कार्यकर्त्यांच्याही मनात कोठेतरी असावे. मागावरून सुटलेला पुरुष चौकात गप्पांना बसतो, तेव्हा घरात हात चालूच असतात, याविषयी सभांतून फारसे बोलले जात नाही, ते का?

एकटीने हात थांबविला तर तिची मजुरी घटते आणि शेजारणीची संख्या पुढे जाते. म्हणून वस्तीने मिळून ठरवावे लागेल. आठवड्यातील एक संध्याकाळ कोणत्याही घरात सूप निघणार नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या कमी संख्येबद्दल कोणाचेही पान कापले जाणार नाही, एवढा करार कारखानदारांशी करण्यास प्रारंभ म्हणून कोणती हरकत आहे?