हरित मानांकन भोगवट्यानंतरही तपासा



हरित इमारत बांधणाऱ्या विकासकाला जादा चटई क्षेत्र द्यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो इमारत वापरात येण्याआधीच हिशेब चुकता करण्याला.

राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत ग्रीहा, आयजीबीसी अशा मानांकनांच्या दर्जानुसार मूळ चटई क्षेत्रावर 3, 5 किंवा 7 टक्के वाढ मिळते. भूखंड 2,000 चौरस मीटरचा आणि मूळ निर्देशांक 1.10 धरला, तर 7 टक्के म्हणजे 154 चौरस मीटर. पुण्यात एवढ्यात दोन चांगल्या सदनिका बसतात. कबूल केलेले मानांकन अंतिम भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी हाती नसेल, तर दंडाची तरतूद आहे. मात्र विकासकाला धाक आहे तो तिथपर्यंतच.

अशा नियमांनी बांधकामाची पद्धत बदलली, हे खरे. मातीच्या भाजक्या विटेऐवजी एएसी ब्लॉक आणि राखेची वीट आली. त्यात केंद्राच्या 1999 च्या राखेविषयीच्या अधिसूचनेचाही वाटा आहे. मोठ्या संकुलांत फ्लशची वेगळी पाइपलाइन नकाशातच दाखवली जाते. एकदा बसवून मोकळे होता येते, ते बहुतेक नीट होते. घोडे अडते ते रोज चालवाव्या लागणाऱ्या गोष्टींपाशी.

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचेच घ्या. टाकीतले जिवाणू हवेवर जगतात, म्हणून ब्लोअर ठरल्या वेळापत्रकाने चालावाच लागतो. बिल वाचवायला तो तासन्‌तास बंद ठेवला की पाण्याला वास सुटतो. रहिवासी ते पाणी नको म्हणतात आणि फ्लशच्या पाइपात टँकरचे पाणी सोडले जाते. पाऊसपाणी जिरवण्याच्या खड्ड्याचीही तीच कथा. गाळणीचा थर पावसाळ्यापूर्वी साफ केला नाही तर तो गाळाने बुजतो. खाली अखंड काळा पाषाण असेल, तर पाणी जिरायला जागा मुळातच थोडी. खड्डा कुठे घ्यायचा हे खडक पाहून ठरवायला हवे, आणि अनेकदा तो जागा उरेल तिथे घेतला जातो.

आता यातला अन्याय पाहा. जादा क्षेत्र विकून विकासक मोकळा होतो. पाऊसपाणी योजना नीट राखली नाही, तर त्याच नियमावलीनुसार दर 100 चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला 1,000 रुपयांपर्यंतची आकारणी मालकावर, म्हणजे पुढे गृहसंस्थेवर, येऊ शकते. लाभ एकाचा आणि भुर्दंड दुसऱ्याचा, अशी ही रचना आहे.

रेरा कायद्याच्या कलम 14(3) नुसार ताबा दिल्यापासून 5 वर्षे बांधकामातील आणि सेवासुविधांतील दोषांची जबाबदारी विकासकावर असते. गळक्या छतासाठी जे चालते ते बंद पडलेल्या शुद्धीकरण प्रकल्पासाठी का चालू नये? म्हणून माझी मागणी अशी: जादा चटई क्षेत्राच्या किमतीइतकी बँक हमी भोगवट्यानंतर दोन वर्षे महापालिकेने स्वतःकडे ठेवावी. शुद्ध केलेल्या पाण्याला मीटर असावा. त्याचे आकडे, सामाईक विजेचे बिल आणि टँकरच्या फेऱ्या यांची नोंद महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर दिसावी. आकडे मानांकनाशी जुळले तरच हमी परत द्यावी.

याने घरे महागतील, असा आक्षेप येईल. पण न चालणाऱ्या यंत्रणेचे पैसे ग्राहक आजही सदनिकेच्या किमतीत मोजतो, आणि वर टँकरचेही. उलट, पैसे अडकले की विकासक चालवायला सोपी यंत्रणा निवडेल. पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा, वारा खेळेल अशा समोरासमोर खिडक्या, अशा देखभाल जवळजवळ न लागणाऱ्या गोष्टींकडे तो वळेल. काचेच्या दर्शनी भिंतींच्या हौसेत त्या मागे पडल्या आहेत.

1 जानेवारी 2023 पासून लागू झालेल्या ऊर्जा संवर्धन कायद्यातील दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही इमारतींसाठीच्या ऊर्जा संवर्धन संहितेच्या कक्षेत येऊ शकतात, आणि ती संहिता स्थानिक हवामानानुसार बदलण्याचा अधिकार राज्याला आहे. नगरविकास विभागाने तो वापरताना भोगवट्यानंतरच्या मोजणीची अट त्यात घालावी आणि प्रोत्साहन नियमावलीतील तरतूदही तिच्याशी जोडावी.

— एक स्थापत्य अभियंता, पुणे