पिवळ्याचं पुन्हा हिरवं होत नाही

नाशिकच्या जेलरोडला 'कॅनॉल रोड' आहे. रिक्षावाल्याला सांगा, बरोबर नेऊन सोडेल. पाणी मात्र शोधू नका. गंगापूर धरणाचा उजवा कालवा इकडे यायचा. आजूबाजूच्या मळ्यांचे प्लॉट पडले, पाणी घेणारं कोणी उरलं नाही आणि कालव्याचा रस्ता झाला. मळ्यांची नावं आता फक्त पत्त्यात लिहायची. मोगलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटलं होतं, ते कशावरून, हे आज पोराला सांगून पटणार नाही.

डावा कालवा अजून वाहतो. तो मखमलाबादच्या शिवारातून जातो, आणि तिथे त्याला कालवा नाही, पाट म्हणतात. त्याच परिसरातली सातशेहून जास्त एकर जमीन स्मार्ट सिटीच्या 'ग्रीनफिल्ड' प्रकल्पासाठी नगररचना योजनेत घालायची ठरली, तेव्हा 2019च्या सुमारास शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. (हिरवं शेत संपवायच्या कामाला 'ग्रीनफिल्ड' हे नाव ज्याला सुचलं, त्याच्या धाडसाचं कौतुक आहे.) पण वाद एका प्रकल्पापुरता नाही. ग्रीन झोनचा, म्हणजे शेती विभागाचा, येलो झोन, म्हणजे रहिवास विभाग, करून द्या, या प्रत्येक अर्जाच्या पाठीशी तेच युक्तिवाद असतात, म्हणून ते एकदा नीट तपासू.

म्हणतात, नगररचना योजना म्हणजे भूसंपादन नव्हेच. जमीन घेतात, रस्ते-गटारी करतात आणि निम्म्याहून जास्त जमीन विकसित भूखंड म्हणून परत देतात. उरलेल्या जमिनीचा भावच मूळ जमिनीच्या कितीतरी पट होतो. हिशेब खोटा नाही. पण 'भूसंपादन नव्हे' यातच मेख आहे. 2013च्या भूसंपादन कायद्याने बहुपीक बागायती जमिनीला हात लावायचा तो शेवटचा उपाय म्हणून, असं बजावलंय. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के, खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी 70 टक्के लोकांची संमती मागितली आहे. नगररचना योजना येते 1966च्या कायद्याखाली. तिथे हरकत घेता येते, सुनावणी होते. पण किती जण 'हो' म्हणाले, हे मोजायची सक्ती नाही. जी गोष्ट योजनेचा गुण म्हणून सांगतात, तीच तिची पळवाट आहे.

आणि चार एकरांची दोन एकर म्हणजे निम्मी शेती नव्हे. द्राक्षबाग उभी करायची तर आधी जंगली काडी लावायची, ती बसली की तिच्यावर कलम भरायचं, अँगल रोवायचे, तारा ओढायच्या, ठिबक अंथरायचं आणि पहिल्या मालाची दीड-दोन वर्षं वाट बघायची. मग दर एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी. विहीर एका कोपऱ्यात, बाग दुसऱ्या, शेणखताचा ढीग बांधाला. नकाशावर 'अंतिम भूखंड' आखताना विहीर शेजाऱ्याच्या वाट्याला जाते आणि बाग रस्त्यात.

मग मगरपट्ट्याचा दाखला येतो. हडपसरला सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशे एकर एकत्र करून शहर उभं केलं, मालकीही सोडली नाही. उत्तम उदाहरण, पण आमच्या बाजूचं! तिथे शेतकऱ्यांनी आपसात ठरवलं, कंपनी त्यांची, जमिनीच्या प्रमाणात हिस्सा त्यांचा. आधी ठराव करून मग गावाला बोलावणाऱ्यांनी मगरपट्ट्याचं नाव घेऊ नये.

'शेतकऱ्यालाच येलो झोन हवाय,' हा युक्तिवाद खोडणं अवघड आहे, आणि मी पूर्ण खोडणारही नाही. छाटणीनंतर पाऊस लागला की घड जिरतो. जिल्हा बँकेने थकबाकीदारांच्या जमिनी लिलावाला काढलेल्या जिल्ह्याने पाहिल्यात. अशा वेळी ज्याला विकायचंय त्याने विकावी. त्याला जमिनीची महती ऐकवायचा अधिकार मला नाही. पण एकाने विकणं वेगळं आणि अख्ख्या शिवाराचा रंग बदलणं वेगळं. रंग बदलला की ज्याला विकायची नाही त्याचीही शेती संपते. शेजारी कंपाउंड उभं राहतं, पाटाची चारी भरावाखाली बुजते, पावसाचं पाणी याच्या बागेत तुंबतं. पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर काढला की तिसऱ्या मजल्यावरून वासाची तक्रार. करही मागे लागतो: 2018मध्ये महापालिकेने मोकळ्या आणि शेतजमिनींनाही करवाढीच्या कक्षेत आणलं, तेव्हा शेतकरी रस्त्यावर आले होते. एवढं झाल्यावर तोही विकतो, आणि मग म्हणायला मोकळे, बघा, त्यालाच हवं होतं.

राहिला रोजगार. सिन्नरला जाऊन यावं. गुळवंच-मुसळगावच्या शेतजमिनी इंडियाबुल्सच्या सेझसाठी गेल्या. सांगितले होते तेवढे उद्योग आले नाहीत, आणि 1350 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र वर्षानुवर्षं वीज न करता उभं राहिलं. उलट गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात हंगामात भल्या सकाळी पाहा. पेठ-सुरगाण्याची माणसं डबा बांधून बागायतदाराच्या पिकअपची वाट बघत असतात. बाग गेली तर मालकाला भूखंड मिळतो. यांचं नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून नुकसानीच्या कोणत्याच यादीतही नाही.

मग शहर वाढवायचंच नाही का? वाढवा. 2017ला मंजूर झालेल्या विकास आराखड्यात जे पिवळं आहे, ते आधी भरा. औद्योगिक वसाहतींत घेऊन ठेवलेले आणि रिकामे पडलेले भूखंड परत घ्या. पडीक, मुरमाड जमीन पाहा. धरणाच्या लाभक्षेत्रातली जमीन मात्र शेवटी, आणि शेतकऱ्यांच्या मोजलेल्या संमतीनेच. शेतजमीन केव्हाही बिगरशेती करता येते. काँक्रीट उकरून कुणी पुन्हा बाग लावलेली मी पाहिलेली नाही. म्हणून रंग का बदलायचा, हे बदलणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. का बदलू नये, हे शेतकऱ्याने नव्हे.

फेरबदलाची नोटीस निघते तेव्हा तिच्यात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, 'शेती विभागातून रहिवास विभागात' एवढी एक ओळ असते. तिच्याखाली आणखी एक ओळ सक्तीची करावी: या गटाला कोणत्या चारीचं पाणी येतं आणि फेरबदलानंतर ते कुठे जाणार.