वेळासला कासवाची पिल्लं बघायला जाताय? हॅचरीत नेमकं काय चालतं, तेही समजून घ्या

फेब्रुवारी संपत आला की इन्स्टाग्रामवर एक रील हमखास फिरायला लागतं. ओली वाळू, समोर समुद्र आणि तळहातावर मावतील एवढी काळपट पिल्लं धडपडत लाटेकडे निघालेली. खाली कमेंट्समध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न : "हे कुठे आहे? कधी जायचं?"

उत्तर बहुतेक वेळा कोकणातलं असतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं वेळास, दापोली तालुक्यातलं आंजर्ले किंवा त्याच्याही खाली गुहागर. ही पिल्लं असतात ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची. मुंबई-पुण्याहून दर वर्षी हजारो लोक ती पाहायला जातात.

पण कमेंट्समध्ये सहसा कुणी न विचारणारा एक प्रश्न आहे. ही कासवं माणूस नव्हता तेव्हापासून किनाऱ्यावर अंडी घालतायत, पिल्लं आपली आपण समुद्रात जातायत. मग आता त्यांना जाळीच्या कुंपणात का ठेवावं लागतं? आणि आपण बघायला गेल्यामुळे त्यांचं भलं होतं की नुकसान?

हॅचरीत नेमकं काय करतात?

कोकणात ऑलिव्ह रिडलेचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीची रेषा ओलांडून वर जाते, मागच्या पायांनी दीड-एक फूट खोल खड्डा करते आणि त्यात शंभरच्या आसपास अंडी घालते. खड्डा बुजवून ती समुद्रात निघून जाते, ती परत अंडी पाहायला येत नाही.

पहाटे गावातले कासवमित्र किनारा पालथा घालतात. मादीच्या येण्या-जाण्याचे माग वाळूवर उमटलेले असतात, त्यावरून घरटं शोधतात. अंडी अलगद काढून जाळीने बंदिस्त केलेल्या जागेत नेतात आणि तिथे तेवढ्याच खोलीचा, तसाच मडक्याच्या आकाराचा खड्डा करून पुरतात. बाजूला पाटी लावतात : तारीख, अंड्यांची संख्या. ही जागा म्हणजे हॅचरी.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वाळू सारून वर येतात. तो काळ जवळ आला की घरट्यावर टोपली उपडी घालतात, म्हणजे पिल्लं इकडेतिकडे पांगत नाहीत. मग सकाळी किंवा संध्याकाळी ती किनाऱ्यावर सोडली जातात. रीलमध्ये दिसतो तो हा शेवटचा टप्पा. त्याआधीची दोन महिन्यांची राखण कॅमेऱ्यात येत नाही.

वेळासमध्ये हे सुरू कसं झालं?

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावर समुद्री गरुडांचा अभ्यास करत होते. वेळासला त्यांना कासवाच्या अंड्यांची फुटकी कवचं दिसली. कासवं इथे येत होती, पण अंडी कुत्री, कोल्हे आणि माणसं यांच्या तावडीतून क्वचितच सुटत होती. अंडी उकरून खाणं किंवा विकणं हे कोकणातल्या अनेक गावांत सर्रास चालायचं.

२००२ मध्ये संस्थेने वेळासला संवर्धनाचं काम सुरू केलं. ज्यांना घरटी अचूक सापडायची, त्याच गावकऱ्यांना राखणीच्या कामात घेतलं गेलं. २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेलं नव्हती, म्हणून पाहुण्यांची सोय घरोघरी झाली. पुढे वनविभाग, कांदळवन कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र यांनी हे काम रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत नेलं.

कायदा तर आधीपासूनच होता. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, इजा करणं, त्याची अंडी किंवा घरटं उकरणं हा गुन्हा आहे. पण पहाटे चार वाजता निर्मनुष्य किनाऱ्यावर कायदा उभा नसतो. गावातलं कुणीतरी उभं असावं लागतं आणि उभं राहण्यासाठी त्याला कारण असावं लागतं. महोत्सवाने ते कारण दिलं. एका घरट्यातल्या अंड्यांचे पैसे एकदाच मिळायचे. तेच घरटं राखलं तर गावातल्या अनेक घरांत पाहुणे जेवायला-राहायला येतात.

म्हणजे हॅचरी हा उत्तम उपाय आहे?

उत्तम नाही, नाइलाजाचा आहे. कासवांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांचं साधारण मत असं की, अंडी मादीने घातली तिथेच सुरक्षित ठेवता येत असतील तर तिथेच ठेवावीत. कुत्र्यांचा वावर, माणसांकडून चोरी किंवा भरतीचं पाणी यामुळे घरटं वाचणारच नसेल, तरच ते हलवावं. यामागे दोन ठोस कारणं आहेत.

पहिलं कारण हाताळणीचं. कासवाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उलटसुलट फिरवलेलं चालत नाही. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं फिरलं तर गर्भ मरू शकतो. म्हणून कासवमित्र पहाटेच धावतात आणि अंड्याची वरची बाजू वरच राहील याची काळजी घेतात.

दुसरं कारण तापमानाचं. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या उबेवर ठरतं. साधारण २९-३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात. वाळू त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. मोकळ्या किनाऱ्यावर घरटी विखुरलेली असतात : एखादं सावलीत, एखादं उन्हात. हॅचरीत सगळी एकाच जागी येतात. तिथली वाळू तापली तर परिणाम एका घरट्यावर न होता सगळ्यांवर होतो. म्हणूनच अनेक हॅचऱ्यांवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधलेली दिसते. तापमान वाढत चाललेल्या काळात हा मुद्दा आणखी गंभीर होतो.

मग पर्यटकांनी जावं की नाही?

जावं. पण अडचण कुठे येते, हे माहीत असावं.

निसर्गात पिल्लं बहुतेक वेळा रात्री बाहेर येतात, वाळू गार झाल्यावर. बाहेर आलेल्या पिल्लात पहिल्या काही तासांत विलक्षण जोर असतो. अंड्यातल्या पिवळ्या बलकाची शिल्लक हीच त्याची शिदोरी. तिच्या बळावर त्याला वाळू ओलांडायची असते, लाटा फोडायच्या असतात आणि पहिला दिवसभर पोहत किनाऱ्यापासून दूर जायचं असतं. टोपलीखाली धडपडण्यात जेवढा वेळ जातो, तेवढी ही शिदोरी संपते.

सकाळ-संध्याकाळची सोडण्याची वेळ ही तडजोड आहे. ऊन नसतं, वाळू तापलेली नसते आणि लोकांनाही पाहता येतं. पण "आम्ही पाच तास गाडी चालवून आलोय, दुपारपर्यंत थांबा ना" किंवा "सकाळची पिल्लं संध्याकाळच्या ग्रुपसाठी ठेवा" असा आग्रह सुरू झाला की तडजोडीचं पारडं पिल्लाच्या विरुद्ध झुकतं. हजारात एखादंच पिल्लू मोठं होतं, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. त्या हिशेबात काही तासांचा उशीरही छोटा नाही.

दुसरी अडचण उजेडाची. पिल्लू समुद्र ओळखतं ते क्षितिजाकडच्या उजेडावरून. संधिप्रकाशात मोबाइलचा फ्लॅश किंवा मागच्या रिसॉर्टचा दिवा जास्त झगमगत असेल, तर ते उलट्या दिशेने चालू लागतं.

यात गावाचीही कोंडी आहे. महोत्सवाच्या जोरावर घरं चालतात आणि पाहुणे पिल्लं बघायला येतात. पिल्लं दिसली नाहीत की पाहुणा नाराज होतो, पुढच्या वेळी येत नाही. त्यामुळे "दिसतील" असं सांगण्याचा मोह होणं साहजिक आहे. हा ताण कमी करणं बऱ्याच अंशी पाहुण्याच्याच हातात आहे.

हा ताण वाढला तर काय होतं?

त्याचं उदाहरण फार लांब नाही. श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, कोसगोडा-बेंटोटाच्या पट्ट्यात अनेक खासगी हॅचऱ्या आहेत. आपल्याकडच्या टूर पॅकेजमध्येही हा थांबा असतो. तिकीट काढायचं, आत जायचं, टाकीत पोहणारी पिल्लं बघायची, काही ठिकाणी हातात घेऊन फोटोही काढायचा. पर्यटक कधीही येवो, पिल्लू तयार हवं, म्हणून पिल्लं दिवसेंदिवस टाकीत ठेवली जातात. अभ्यासक यावर बरीच वर्षं टीका करत आले आहेत. टाकीत पिल्लाचा सुरुवातीचा जोर वाया जातो आणि दाटीत जखमा, संसर्ग पसरतो. अंडी वाचतात हे खरं, पण तिथे वेळापत्रक तिकीटबारी ठरवते.

कोकणातलं चित्र आज तसं नाही. इथे राखण गाव आणि वनविभाग मिळून करतात. ते तसंच राहावं, यासाठी पाहुण्यांच्या अपेक्षा आताच ताळ्यावर असलेल्या बऱ्या.

एवढ्याशा किनाऱ्याने फरक पडतो?

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याच्या किनाऱ्यावर लाखो माद्या एकाच वेळी अंडी घालायला येतात. त्यापुढे कोकणातली घरटी मोजकीच. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी आणि पूर्वेकडची वेगळी, असं बराच काळ मानलं जायचं.

२०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी कोकणातल्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले. वेळासची पहिली कासवीण म्हणजे 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरला टॅग लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोहोचली. आणि २०२५ मध्ये उलट दिशेचा पुरावा मिळाला : २०२१ मध्ये ओडिशात टॅग केलेली एक मादी गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली.

म्हणजे कोकणातला किनारा या कासवांच्या मोठ्या नकाशावरचा एक थांबा आहे. एका किनाऱ्यावर दगडी बंधारा आला, दिवे आले, गाड्या वाळूवर उतरल्या, तर नुकसान त्या गावापुरतं राहत नाही.

जाणार असाल तर

• निघण्याआधी होम-स्टेला फोन करून विचारा : कोणती घरटी फुटण्याच्या बेतात आहेत? तारीख अंदाजे असते, शक्य असेल तर दोन दिवस हाताशी ठेवा.

• "नक्की दिसतील" अशी हमी मागू नका आणि कुणी देत असेल तर ती कशाच्या जोरावर, हे विचारा.

• फ्लॅश आणि टॉर्च बंद. दोरीच्या मागेच थांबा. पिल्लाला हात लावू नका, उलटलं तरी कासवमित्राला सांगा.

• कोणत्याही हॅचरीत, देशात किंवा परदेशात, तीन गोष्टी बघा : पिल्लं टाकीत ठेवली आहेत का, हातात देतात का, भर दुपारी सोडतात का. यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, तर तिथे तिकीट काढू नका.

• मुक्काम आणि जेवण गावातच करा. गावाच्या राखणीला बळ मिळतं ते यातूनच.

आणि पिल्लं दिसलीच नाहीत, तर पहाटे कासवमित्रांना गाठा. परवानगी मिळाली तर त्यांच्यासोबत किनाऱ्यावर चाला. वाळूवरचे माग कसे वाचायचे, ते त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगू शकणार नाही.