अक्षर एक, उच्चार दोन

जपानी भाषेत ‘माणूस’ या अर्थाचे एक चित्राक्षर आहे, अवघ्या दोन रेघांचे. ते एकटे आले तर उच्चार ‘हितो’ होतो. ‘जपानी माणूस’ म्हणताना तेच अक्षर ‘जिन’ असे वाचतात (निहोनजिन), आणि तीन माणसे मोजताना ‘निन’. जैन वाचकाचा कान ‘जिन’पाशी थबकेल, पण तेथे तो रागद्वेष जिंकणारा नव्हे, साधा माणूसच. ‘हितो’ हा अस्सल जपानी शब्द. बाकीचे दोन उच्चार अक्षराबरोबर चीनमधून आले. कोठे कोणता घ्यावा, हे नुसत्या अक्षरावरून कळत नाही. शब्द ओळखीचा असावा लागतो.

यासाठी जपानपर्यंत जाण्याचेही कारण नाही. ‘चंद्रपूर’मधील ‘च’ तालव्य, जीभ टाळूला लावून उच्चारायचा. त्याच गावाच्या ‘चांदा’ या जुन्या नावातील ‘च’ मात्र दातांशी, जवळजवळ ‘त्स’ असा. ‘चंद्रपूर’ आणि ‘चांदा फोर्ट’ या दोन रेल्वे स्थानकांच्या पाट्यांवर अक्षर तेच आहे. येथेही भेद कुळाचाच. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तालव्य राहतात. मराठीच्या मुशीतून निघालेल्या शब्दांत ‘च’ आणि ‘ज’ बहुधा दातांकडे सरकतात. पुढे इकार असेल तर उच्चार तालव्यच, म्हणून १९८२ मध्ये वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याच्या नावात कोणी अडखळत नाही. गंमत ‘चिंच’ या शब्दाची: दोन अक्षरांत दोन वेगळे ‘च’! सिरोंच्याकडील तेलुगूलाही हा भेद ठाऊक आहे.

या भागातील पुष्कळ जैन कुटुंबांत घरी मारवाडी, गुजराती किंवा हिंदी आणि दुकानात मराठी. हिंदीत ‘च’ एकच. आजोबांची पिढी आठवडी बाजारात उभी राहून मराठी कानाने शिकली. नातवंडे ती पुस्तकातून शिकतात, आणि पुस्तक हा भेद दाखवत नाही. ‘चांगला तांदूळ’ हिंदी थाटात म्हटले तरी गिऱ्हाईक समजून घेते. व्यवहारात फारसे बिघडत नाही.

बिघडते ते पाठशाळेत, आणि तेही उलट बाजूने. अष्टद्रव्य पूजेत जल अर्पण करताना जन्म, जरा आणि मृत्यू यांच्या नाशाची भावना असते. ही ‘जरा’ म्हणजे वार्धक्य, तिचा ‘ज’ तालव्य. मराठीत वाढलेले मूल तो सवयीने दातांशी उच्चारते आणि अर्थ होतो ‘थोडेसे’. मग मुक्ती मागायची ती कशापासून? प्रभूचे ‘चरण’ आणि गुरांचे ‘चरणे’ यांतही असाच घोटाळा होतो.

अक्षराखाली टिंब देऊन हा फरक दाखवता येतो; नेहमीच्या मराठी छपाईत ते दिसत नाही. पूजेच्या वहीत ‘जरा’ शब्दाशेजारी ‘वार्धक्य’ एवढे पेन्सिलीने लिहिले, तरी पुष्कळ काम होईल.